सुरक्षेची पट्टी, सहकार्याची वर्गणी

भुईमुगाच्या एका वाणाचे नाव आहे टीएलजी-४५. त्यातला ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘एल’ लातूरचा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरणांचा मारा करून नवी वाणे काढण्याचे काम अनेक दशकांपासून चालते. त्याच कामातून टपोऱ्या दाण्याचे हे वाण लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राच्या सोबतीने तयार झाले आणि २००७ मध्ये प्रसारित झाले. त्याआधी, १९८५ मध्ये, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला टीएयू-१ हा उडीद विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात चांगलाच रुजला. त्याचे मूळ एका अणुकेंद्रात आहे, हे तो पेरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

अणुसुरक्षा आणि अणुसहकार्य यांच्यासाठी जगभर जो पैसा लागतो तो कोणी द्यायचा, आणि या प्रश्नाकडे विकसनशील देश कसे पाहतात, हा एका अभ्यासक्षेत्राचा विषय आहे. तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बाजूला ठेवावासा वाटला तर त्यात त्याचा दोष नाही. व्हिएन्नातल्या बैठका, ठरावांचे मसुदे आणि अंदाजपत्रकांचे तक्ते यांच्याशी गोदावरी-मांजरेच्या काठावरच्या माणसाचे काय देणेघेणे? नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत अणुभट्टी नाही. तारापूर पालघरच्या किनाऱ्यावर आहे आणि जैतापूरचा वाद कोकणातला. पण वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. या दोन जिल्ह्यांत अणुविज्ञान भट्टीच्या वाटेने आलेच नाही. ते बियाण्यातून आले, कर्करोगाच्या दवाखान्यातून आले आणि भूकंपाच्या अभ्यासातून आले. आशिया-आफ्रिकेतले बहुतेक देशही अणुविज्ञानाला नेमके याच वाटांनी ओळखतात. म्हणून या विषयात शिरण्यासाठी मराठवाडा ही गैरसोयीची जागा नाही. माझ्या मते ती दिल्ली-मुंबईहून अधिक सोयीची आहे.

आधी पैशाची व्यवस्था समजून घेऊ. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था २९ जुलै १९५७ रोजी अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय व्हिएन्नात आहे आणि सदस्य देश आज १८० च्या घरात आहेत. तिच्याकडे तीन मोठी कामे आहेत. अणुविज्ञानाचे शांततामय उपयोग सर्वांपर्यंत पोहोचवायचे, सुरक्षेची मानके ठरवायची, आणि अणुसामग्री शस्त्रांकडे वळवली जात नाही ना, याची तपासणी करायची. ही तीन कामे एका छताखाली चालत असली तरी त्यांचा पैसा एका खिशातून येत नाही. बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

गावाला घरपट्टी आणि वर्गणी यांतला फरक सांगावा लागत नाही. घरपट्टी ठरलेली असते आणि ती थकली की नोटीस येते. सप्ताहाची वर्गणी ज्याच्या त्याच्या मनावर असते. एखाद्या वर्षी चार मोठ्या घरांनी हात आखडला की पंगतीत वाढायचे पदार्थ कमी होतात, आणि कोणाला जाबही विचारता येत नाही. व्हिएन्नातही असेच आहे. संस्थेचे नियमित अंदाजपत्रक ही पट्टी. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या हिश्श्यांच्या आधारे ती प्रत्येक देशावर बसते, भारताच्या वाट्याला सुमारे एक टक्का येतो आणि दोन वर्षांइतकी थकबाकी साचली तर मतदानाचा हक्क जातो. अलीकडच्या काळात हे अंदाजपत्रक वर्षाला ४० कोटी युरोंच्या वर गेले आहे. त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग तपासणीवर खर्च होतो, तर सुरक्षा आणि (चोरी-घातपातापासूनचे) संरक्षण यांच्या वाट्याला साधारण दहावा हिस्सा येतो. बियाणे, कर्करोग, पाणी, जनावरांचे रोग अशी गरीब देशांच्या रोजच्या गरजेची कामे मात्र मुख्यतः तांत्रिक सहकार्य निधीवर चालतात. त्याचे वार्षिक उद्दिष्ट ९ कोटी युरोंच्या आसपास असते, आणि तो निधी ऐच्छिक आहे. म्हणजे वर्गणी.

एवढे समजले की विकसनशील देशांचे म्हणणे निम्मे समजले. श्रीमंत देशांना ज्याची काळजी वाटते ते काम पट्टीवर, आणि आम्हाला ज्याची गरज आहे ते वर्गणीवर, असे का, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. १९९८ मध्ये विकसनशील देशांच्या ‘७७ च्या गटा’ने व्हिएन्नात आपली शाखा उघडली. सहकार्याचा निधी पुरेसा असावा, खात्रीचा असावा आणि पुढच्या वर्षी किती येणार याचा अंदाज करता यावा, ही तिची मागणी आजही सुटलेली नाही. या मागणीला पार्श्वभूमी आहे. १९८५ पासून २००३ पर्यंत संस्थेच्या नियमित अंदाजपत्रकात महागाई वगळता वाढच झाली नाही, कारण मोठ्या देणगीदार देशांचा तसा आग्रह होता. २००३ मध्ये ती कोंडी फुटली आणि वाढीचा मोठा भाग तपासणीकडे गेला. तेव्हा तपासणी वाढणार असेल तर सहकार्याचे उद्दिष्टही वाढले पाहिजे, असा विकसनशील देशांचा आग्रह होता. तपासणीच्या खर्चाबाबत त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभीच एक सवलत मिळवली होती. गरीब देशांवर त्या खर्चाचा पूर्ण भार पडू नये, अशी हिश्श्यांची मांडणी तेव्हापासून करण्यात आली. पुढे ती टप्प्याटप्प्याने आकसत गेली.

या भांडणाची मुळे संस्थेच्या जन्माइतकी जुनी आहेत, आणि त्यात एक मुंबईकर ठळकपणे दिसतो. अणूच्या शांततामय उपयोगांवरची पहिली मोठी जागतिक परिषद १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात भरली. तिचे अध्यक्ष होमी भाभा होते. पुढच्या वर्षी संस्थेच्या घटनेचा मसुदा ठरवणाऱ्या १२ देशांच्या गटात भारताला जागा मिळाली. तिथे भाभांनी धरलेला मुद्दा आजही ताजा वाटतो. मदत घेणाऱ्याचीच तपासणी होणार आणि ज्याच्याकडे स्वतःचे सगळे आहे तो मोकळा राहणार, तर जगाची कायमची दोन गटांत विभागणी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ते पूर्णपणे मान्य झाले नाही, पण त्यातून विकसनशील देशांना बोलण्याची एक रीत मिळाली. २४ जानेवारी १९६६ रोजी मों ब्लांवर विमान कोसळून भाभा गेले, तेव्हा ते याच संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते.

लातूरकरांना जवळचे वाटेल असे एक नाव या इतिहासात आहे. १९८० च्या दशकात लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर केंद्रात राज्यमंत्री होते, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाबरोबर अणुऊर्जेचे खातेही त्यांच्याकडे आले होते. भारताचे अणुऊर्जा नियामक मंडळ त्याच दशकात, १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. चाकूरकरांच्या राजकीय कारकिर्दीबद्दल लातुरात भरपूर बोलले जाते. या खात्याबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते. इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याला यात प्रबंधाचा विषय सापडू शकेल.

आता किल्लारीकडे येऊ, आणि इथे जरा थांबू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे भुईसपाट केली. सुमारे १० हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे धाबे यांनीच बहुतेकांचा जीव घेतला. ही कहाणी या भागात घराघरात माहीत आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तिच्यामागचे शास्त्र. किल्लारी तेव्हाच्या भारतीय नकाशावर भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होती. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर खंडाचा भाग, तिथे मोठा धक्का बसत नाही, अशी समजूत होती. १९६७ मध्ये कोयनेने तिला तडा दिला होता, पण कोयनेच्या भूकंपाचा संबंध धरणातल्या पाण्याशी लावता येत होता. किल्लारीने तेवढीही पळवाट ठेवली नाही. २००२ मध्ये बांधकामाच्या भारतीय मानकातून सर्वांत कमी धोक्याचा पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला.

अणुभट्टीशी याचा संबंध सरळ आहे. जगातल्या कितीतरी अणुभट्ट्या अशाच ‘स्थिर’ मानलेल्या भूभागांवर उभ्या आहेत. जागा निवडताना जमीन किती हलू शकते याचा हिशेब करावा लागतो, आणि नोंदी जितक्या कमी तितका तो हिशेब कच्चा राहतो. किल्लारीने स्थिर भूभागाची एक दुर्मीळ आणि तपशीलवार नोंद शास्त्राला दिली. ती समजून घेण्यासाठी तिथे खोल छिद्रे घेण्यात आली, आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने द्वीपकल्पातल्या भूकंपमापन केंद्रांना नवी उपकरणे मिळाली. या ज्ञानाचा उपयोग किल्लारीपुरता राहत नाही. तो कोणत्याही खंडातल्या अभियंत्याला होतो. पुढे २००८ मध्ये व्हिएन्नाच्या संस्थेने भूकंपसुरक्षेचे स्वतंत्र केंद्र सुरू केले. आदल्या वर्षी जपानच्या काशिवाझाकी-कारिवा अणुकेंद्राला भूकंपाचा मोठा धक्का बसला होता. संस्थेच्या या भूकंपसुरक्षा केंद्राच्या कामाचा मोठा भाग ऐच्छिक पैशावर चालतो, आणि पैसा देणारे देश मुख्यतः मोठ्या अणुउद्योगाचे आहेत. वर्गणीच्या वहीत त्यांची नावे लिहिली जातात. ज्या भूकंपांमधून हे शास्त्र शिकले गेले त्यांच्यासाठी त्या वहीत रकाना नाही. कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. पैशाचा तक्ता हा योगदानाचा पूर्ण तक्ता नसतो, एवढे वाचकांनी मनात ठेवले तरी पुरे.

शेजारच्या भागात याचे दुसरे उदाहरण आहे. लातूर-उस्मानाबादकडच्या कर्करोगाच्या कित्येक रुग्णांसाठी बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय हा मोठा आधार राहिला आहे. १९८७ पासून बार्शीत ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, आणि भारतातली ग्रामीण भागाची ही पहिली नोंदवही. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सुमारे १ लाख ३० हजार महिलांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबतचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तपासणी-धोरणांनी त्याची दखल घेतली. या महिलांपैकी ज्यांना आजार निघतो त्यांतल्या अनेकींना किरणोपचार लागतात, रुग्णांच्या बोलण्यात ज्यांना ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात ते. त्यासाठी यंत्र लागते, अनेक यंत्रांत कोबाल्ट-६० चा स्रोत लागतो आणि तो हाताळणारी शिकलेली माणसे लागतात. जगातल्या कितीतरी गरीब देशांत असे एकही यंत्र नाही. व्हिएन्नाच्या संस्थेने २००४ मध्ये कर्करोगासाठी खास कार्यक्रम सुरू केला आणि २०२२ मध्ये ‘आशेचे किरण’ अशा अर्थाच्या नावाची नवी मोहीम हाती घेतली. ही दोन्ही कामे प्रामुख्याने वर्गणीच्या पैशावर चालतात.

याच यंत्रांमुळे सुरक्षेचा प्रश्न गरीब देशांच्या दारात येतो. अणुसुरक्षा म्हटले की चेर्नोबिल आणि फुकुशिमा आठवतात. पण ज्या देशात एकही अणुभट्टी नाही, त्याला खरा धोका असतो तो भंगारात गेलेल्या स्रोतापासून. १९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलच्या गोयानिया शहरात ओस पडलेल्या दवाखान्यातून किरणोपचाराचे जुने यंत्र काहींनी भंगार म्हणून नेले आणि फोडले. आत सीझियमची निळसर चमकणारी भुकटी होती. ती लोकांनी हाताळली, अंगाला लावली, घरी नेली. त्यात ४ जणांचा मृत्यू झाला आणि शहरातले मातीचे थरच्या थर खरवडून काढावे लागले. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात तसेच घडले. एका विद्यापीठातले जुने उपकरण लिलावात गेले, कापले गेले आणि त्यातल्या कोबाल्टने एका माणसाचा जीव घेतला. नांदेडच्या एमआयडीसीत किंवा लातूरच्या भंगार गल्लीत लोखंड तोलणाऱ्या माणसासाठी अणुसुरक्षा म्हणजे नेमके हेच आहे. अशा स्रोतांची नोंद ठेवणे, जुने झालेले परत घेणे, बंदरावर आणि पोलाद कारखान्याच्या फाटकावर मोजणीयंत्र बसवणे, या सगळ्याला पैसा लागतो. सहकार्य आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे विकसनशील देशांचे दुसरे म्हणणे मला गोयानियाच्या उदाहरणाने सर्वांत अधिक पटते. यंत्र दिले पण ते सांभाळण्याची व्यवस्था दिली नाही, तर मदतच धोका होऊन बसते.

श्रीमंत जग पैसा देत नाही असेही नाही. वारा आपल्या दिशेने वाहतो हे कळले की ते मोकळ्या हाताने देते. चेर्नोबिलच्या फुटलेल्या भट्टीवर २०१६ मध्ये जे भव्य कमानदार कवच सरकवले गेले, त्याला सुमारे दीड अब्ज युरो लागले आणि तो पैसा ४५ देणगीदार देशांच्या निधीतून उभा राहिला. सहकार्य निधीची सोळा-सतरा वर्षांची रक्कम एका कवचात गेली, असा हिशेब कोणी मांडतो तेव्हा वाचकांनी जरा सावध राहावे. ते कवच आवश्यक होते, आणि युक्रेन काही श्रीमंत देश नव्हे. २०२५ च्या फेब्रुवारीत ड्रोन आदळून त्याला भोक पडले, तेव्हा खर्चाचा प्रश्न पुन्हा उघडला. यातून दिसते ते इतकेच, की पैसा नसतो असे नाही. तो भीतीच्या मागे धावतो, आणि गरिबाच्या रोजच्या गरजेची भीती कोणाला वाटत नाही.

अपघातानंतरच्या भरपाईची व्यवस्था मी इथे थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर स्वतंत्र वाचन लागेल. १९९७ च्या पूरक भरपाई करारात देशांनी मिळून एक सामाईक निधी उभारायचे ठरवले. त्यातला ९० टक्के वाटा अणुभट्ट्यांच्या क्षमतेवर आणि १० टक्के संयुक्त राष्ट्रांच्या हिश्श्यावर बसतो. ज्याच्याकडे भट्टी नाही आणि ज्याचा हिस्सा किमान आहे, त्याला काहीच द्यावे लागत नाही. ज्याची भट्टी मोठी त्याची पट्टी मोठी, हे विकसनशील देशांना मान्य होणारे तत्त्व इथे स्पष्ट शब्दांत आले आहे. भारताने या करारावर २०१० मध्ये सही केली आणि २०१६ मध्ये तो मंजूर केला. मधली सहा वर्षे अपघाताची जबाबदारी यंत्र पुरवणाऱ्यावर किती टाकायची या वादात गेली. भोपाळ आठवणाऱ्या देशात तो वाद अटळ होता.

भारत या सगळ्यात कुठे बसतो? दोन्ही पंगतींत. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेने दिलेल्या सुमारे ८ कोटी डॉलरच्या सवलतीच्या कर्जातून उभ्या राहिल्या आणि १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. १९७४ च्या पोखरणनंतर इंधनाच्या पुरवठ्यावर जी अडवणूक सुरू झाली, तिने मदतीवर विसंबण्याची किंमत आपल्याला शिकवली. पण त्याच्या दहा वर्षे आधी, १९६४ मध्ये, भारताने फिलिपिन्सला न्यूट्रॉनांच्या अभ्यासाचे उपकरण आणि ते चालवण्याचे शिक्षण देणारा प्रकल्प व्हिएन्नाच्या संस्थेबरोबर सुरू केला होता. त्यातूनच १९७२ मध्ये आशिया-पॅसिफिक देशांचा प्रादेशिक सहकार्य करार आकाराला आला. गरीब देशाने गरीब देशाला शिकवण्याचा हा प्रयोग फारसा कोणाला आठवत नाही. मला तो या क्षेत्रातला सर्वांत सुंदर अध्याय वाटतो. पुढे भाभा केंद्राने तयार केलेले भाभाट्रॉन हे कोबाल्टचे किरणोपचार यंत्र भारताने संस्थेच्या माध्यमातून व्हिएतनामला भेट दिले, आणि २०१२ मध्ये सोलला भरलेल्या अणुसंरक्षण परिषदेत अणुसंरक्षण निधीसाठी १० लाख डॉलर जाहीर केले. रक्कम मोठी नव्हती, पण वर्गणी देणाऱ्यांच्या यादीत नाव आले की बैठकीत बोलण्याचे वजन बदलते. आपल्या शेजारी, हिंगोलीच्या औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तिची मुख्य यंत्रसामग्री अमेरिकेकडून येणार आहे आणि बांधणीचा खर्च आपला आहे. सहकार्यात कोणी काय आणायचे हे आधीच ठरलेले असले की व्यवहार कसा नितळ होतो, ते पाहायला नांदेडहून तासा-दीड तासाच्या अंतरावरच उदाहरण आहे.

विकसनशील देशांची बाजू न्याय्य आहे, असे माझे मत आहे. म्हणून ती निर्दोष आहे असे मात्र नाही, आणि नव्या वाचकाने तिचे दुबळे दुवेही पाहावेत. पहिला दुवा संरक्षणाच्या निधीचा. २००२ मध्ये अणुसामग्रीच्या चोरी आणि घातपाताविरुद्ध जो निधी उभा राहिला तो ऐच्छिक आहे आणि देणारे देश त्यावर आपल्या अटी घालतात, अशी विकसनशील देशांची तक्रार असते. हे काम नियमित अंदाजपत्रकात घ्या म्हटले, की आपली पट्टी वाढेल म्हणून हेच देश पाऊल मागे घेतात. दुसरा दुवा त्यांच्या स्वतःच्या वाट्याचा. २००५ पासून मदत घेणाऱ्या देशाने आपल्या प्रकल्पांच्या खर्चाचा ५ टक्के सहभाग द्यावा असा नियम आहे, आणि तेवढाही वेळेवर न भरणारे देश आहेत. निधी खात्रीचा हवा असे म्हणणाऱ्याने आपला छोटा वाटा खात्रीने भरला, तर त्याच्या शब्दाला जोर येतो. तिसरा दुवा घरातला आहे आणि मराठवाड्याने त्याबद्दल निःसंकोच विचारावे. व्हिएन्नात समान वाटपाचा आग्रह धरणाऱ्या देशाच्या आत, ट्रॉम्बेचे तंत्र मुंबई-पुण्यापर्यंत जितके सहज पोहोचते तितके अहमदपूर, देगलूर किंवा किनवटपर्यंत पोहोचते का?

उदाहरणार्थ पाणी. पाऊस, विहीर आणि बोअर यांच्या पाण्यातली समस्थानिके मोजली की जमिनीखालचे पाणी किती जुने आहे आणि कुठून येते हे सांगता येते. व्हिएन्नाची संस्था आणि जागतिक हवामान संघटना १९६० च्या दशकाच्या आरंभापासून जगभरच्या पावसाचे नमुने गोळा करत आल्या आहेत, आणि भाभा केंद्राकडे हे शास्त्र चांगले विकसित आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. बेसॉल्टच्या या प्रदेशात शेकडो फूट खाली गेलेल्या बोअरना कोणत्या काळातले पाणी लागते, हा प्रश्न अशा शास्त्राने विचारण्याजोगा आहे. त्यासाठी लागणारा पैसा अणुभट्टीच्या तुलनेत नगण्य ठरेल.

आता वाचनाच्या वाटेविषयी थोडे. सुरुवात करारांच्या मसुद्यांपासून करू नका. ते कोरडे आहेत आणि उत्साह लवकर आटतो. आधी एक वस्तू निवडा: एखादे वाण, एखादे यंत्र, एखादा अपघात. मग तिच्यासाठी पैसा कोणी दिला, कोणत्या निधीतून दिला आणि कोणत्या अटीवर दिला, या तीन प्रश्नांचा माग काढा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातल्या किंवा लातूरच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र येत असेल तर अर्थशास्त्राचा मित्र सोबत घ्यावा, आणि अर्थशास्त्र येत असेल तर भौतिकशास्त्राचा. लातूर पॅटर्नने या मुलांना पाठांतराची आणि गुणांची शिस्त दिली आहे. इथे प्रश्नपत्रिका आधी छापलेली नसते, त्यामुळे सुरुवातीला जरा अवघडल्यासारखे होईल, पण ते चार-सहा आठवड्यांत सरते. शेतकरी वाचकाने बियाण्याकडून यावे, डॉक्टरांनी कोबाल्टकडून यावे. कोणतीही वाट धरली तरी पुढे सगळे त्याच अंदाजपत्रकापाशी येऊन भेटतात.

संस्थेची सर्वसाधारण परिषद दर वर्षी सप्टेंबरात व्हिएन्नात भरते आणि तांत्रिक सहकार्य बळकट करण्याचा ठराव तिथे दर वर्षी संमत होतो. पहिल्या वाचनासाठी मी तो ठराव सुचवीन, आणि त्याच्या शेजारी ठेवायला सहकार्य निधीचा देशवार तक्ता. एका रकान्यात ठरवून दिलेले उद्दिष्ट असते आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष भरलेली रक्कम. ठरावाच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोललेले देश शोधून त्यांच्यासमोरचे दोन्ही आकडे वाचा, मग सगळ्यात श्रीमंत देशांसमोरचे वाचा, आणि शेवटी भारतासमोरचे.